टब बघून नव्हे, बसून घ्यावा

दुकानात गेलात की आधी चपला काढा आणि टबात बसा. विकणारा मुलगा गालात हसेल, सोबतचं माणूस "अहो, चारचौघांत काय हे!" म्हणून खुणा करेल. तरी बसा. पाठ टेका, पाय लांब करा, मान सैल सोडा आणि दोन मिनिटं तसेच राहा. सोफा घेताना आपण तीन दुकानांतल्या सोफ्यांवर बसून बघतो. टब मात्र उभ्याने, वरून बघून, रंग आवडला म्हणून घरी येतो.

माझ्या मावसभावाने पुण्यातल्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करताना असाच सहा फुटी टब आणला. मोठा म्हणजे ऐसपैस, एवढा साधा हिशोब. वहिनी पाच फुटांच्या. पहिल्या दिवशी त्या कोमट पाण्यात टेकून बसल्या आणि मिनिटभरात हनुवटीपर्यंत घसरल्या, कारण पाय समोर कशालाच टेकेनात. दोन-तीनदा असंच झालं, मग त्यांनी टबाचा नाद सोडला. आता त्यात दिवाळीआधी गोधड्या भिजतात. गोधड्या मात्र झकास निघतात.

हे घसरणं समजून घेतलं की टबाचं निम्मं गणित सुटतं. पाण्यात शिरलेल्या अंगाला पाणी वर उचलून धरतं. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचं वजन तळावर जेमतेम एक दशांश उरतं. म्हणजे ७० किलोचा माणूस ७ किलोचा होतो. छातीपर्यंत पाणी असेल तर उचल थोडी कमी, पण बरीच असते. कमरेला आणि गुडघ्यांना टबात जे सुख लागतं ते याचंच. पण वजन गेलं की बुडाची पकडही जाते. कोरड्या टबात तुम्ही जागच्या जागी बसलेले असता. भरलेल्या टबात अंग पुढे सरकायला बघतं. त्याला अडवतात ते फक्त पाय, समोरच्या भिंतीला टेकलेले. पाय पोचत नसतील तर सगळा वेळ आपण कोपरांनी कड धरून स्वतःला सावरत बसतो, आणि बाहेर येताना आत जाण्यापेक्षा जास्त दमलेले असतो.

म्हणून घरून निघण्याआधी एक माप घ्या. जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसा, पाय सरळ पसरा आणि भिंतीपासून टाचांपर्यंतचं अंतर टेपने मोजा. साडेपाच फुटी माणसाचं ते साधारण सव्वातीन फूट भरतं, पाच फुटी बाईचं तीन फूट. टबाच्या बुडाची आतली लांबी या मापाच्या आसपास, थोडीशीच जास्त हवी. पत्रकावर छापलेली लांबी असते बाहेरची. पाच फुटी टबातून दोन्ही बाजूंच्या कडा आणि पाठीचा उतार वजा करा, बुडाशी साडेतीन-पावणेचार फूटच उरतात. बहुतेक मराठी घरांतल्या माणसांना तेवढे पुरतात. सहा फुटी टब खरोखर शोभतो तो सहा फुटी माणसाला.

घरात एक उंच आणि एक बुटकं असेल तर माप बुटक्याचं धरा. उंच माणूस गुडघे थोडे मुडपून बसेल, त्याचं काही बिघडत नाही. बुटक्या माणसाला पाय लांबवून घेता येत नाहीत.

पाठीच्या उताराचं असं की ऑफिसच्या खुर्चीसारखी सरळ पाठ पाच मिनिटांत टोचायला लागते, आणि आरामखुर्चीइतकी कललेली पाठ माणसाला पाण्याखाली घेऊन जाते. मधला उतार बरा. तो अंशांत मोजत बसू नका, मान कुठे टेकते ते बघा. डोकं हवेत लोंबकळलं, किंवा कडेची धार नेमकी मानेच्या मणक्यावर आली, तर तो टब तुमचा नाही. काही टबांत कमरेच्या जागी उंचवटा घडवलेला असतो. तो एका ठरावीक उंचीच्या माणसाच्या कमरेला बसतो आणि बाकीच्यांच्या पाठीत भलतीकडेच रुततो. दोघांनी वापरायचा टब असेल तर सपाट पाठच घ्यावी.

आता खोली. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. पत्रकावर टबाची उंची १८ इंच लिहिलेली असते आणि आपण १८ इंच पाण्याची स्वप्नं बघतो. टबाच्या आत कडेखाली एक गोल जाळी असते, तिला ओव्हरफ्लो म्हणतात. पाणी त्या जाळीपाशी आलं की तिथून निघून जातं, बाहेर सांडत नाही. म्हणजे पाण्याची खरी खोली बुडापासून त्या जाळीच्या खालच्या काठापर्यंत, आणि ती भरते बारा-तेरा इंच. एवढ्या पाण्यात बसलं की पोट भिजतं, पण खांदे आणि गुडघे दोन बेटांसारखे बाहेर राहतात. ओल्या खांद्यांवर वारा लागला की हुडहुडी भरते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ओव्हरफ्लोपर्यंत पाणी किती इंच? चौदा-पंधरा इंच मिळालं तर बसल्यावर छाती बुडते. त्याला सांगता आलं नाही तर टेप तुमच्याकडे आहेच.

जपानी माणसाने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. त्यांचा टब लांबीला आखूड आणि खोल असतो. गुडघे मुडपून बसायचं, पाणी खांद्यांपर्यंत. अंग घासणं, साबण लावणं, धुणं हे सगळं टबाच्या बाहेर, बुटक्या स्टुलावर बसून, अंगावर पाणी ओतून. स्वच्छ झाल्यावर मग टबात फक्त शेकत बसायचं. पाणी घाण होत नाही, म्हणून घरातली सगळी माणसं एकामागून एक तेच पाणी वापरतात आणि मधल्या वेळात ते निवू नये म्हणून टबावर झाकण घालतात. पाटावर बसून घंगाळातलं पाणी तांब्याने अंगावर घेणाऱ्या आपल्या पद्धतीला हे फार जवळचं आहे. साहेबी पद्धतीत माणूस ज्या पाण्यात मळ काढतो त्याच पाण्यात बसून राहतो. माझ्या आजीला हे कळलं असतं तर तिने त्याला पुन्हा आंघोळ करायला लावली असती. आपली बाथरूमं पूर्ण ओली होणारी, जमिनीत जाळी असलेली असतात. त्यामुळे आखूड-खोल टब आपल्याकडे जागेलाही बसतो आणि सवयीलाही. चार फुटांत मावतो. दुकानात मांडलेला क्वचित दिसतो, बहुधा मागवावा लागतो, आणि तितकं थांबावं असं माझं मत आहे. अडचण एकच. काठ उंच असल्याने आत-बाहेर करायला पायरी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो नको.

टब निवडला, बसवला, आणि मग पहिल्या थंडीत कळतं की गीझर पुरत नाही. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसवेल असं करायचं, त्या गार पाण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: विसण. टबाचं सगळं गणित विसणाचं आहे. समजा थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं, गीझरमधलं ६० अंशांचं, आणि टबात हवं ४० अंशांचं. मग निम्मं कढत, निम्मं विसण. पाच फुटी टबाला माणूस आत बसल्यावर साधारण १५० लिटर पाणी लागतं असं धरू. म्हणजे ७५ लिटर कढत पाणी हवं. आपल्या घरांत गीझर असतो १५ नाहीतर २५ लिटरचा. पंचवीसचा गीझर तीनदा तापवावा लागेल. दोन किलोवॉटच्या गीझरला २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला पस्तीस मिनिटं लागतात. तिसरी खेप येईपर्यंत पहिली निवलेली असते आणि तुमचा मूडही. वीज एका आंघोळीला साडेतीन युनिट. ती परवडेल एखाद्याला, पण वाट बघणं परवडत नाही.

त्यामुळे टब हवा असेल तर ८०-१०० लिटरचा गीझर किंवा गच्चीवरचा सोलर हे टबाच्याच खर्चात धरा. पुण्या-नाशकात सोलर पुष्कळ इमारतींवर आहे. संध्याकाळी टाकी तापलेली असते तेव्हा टब भरला तर वीज जवळजवळ लागत नाही. पावसाळ्यात मात्र ढगांची मर्जी. गॅस गीझर सतत कढत पाणी देतो म्हणून टबाला सोयीचा वाटतो, पण तो बाथरूमच्या आत कधीही लावू नका. बंद खोलीत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. बादलीची आंघोळ दहा मिनिटांत उरकते. टबात माणूस दार लावून अर्धा तास पडून असतो, आणि गुंगी आली तर ती आरामाचीच वाटते. गॅस गीझर उघड्या गॅलरीत, पाइप आत.

तापमानाचंही सांगून टाकतो. ३८ ते ४० अंश पाणी सुखाचं लागतं. त्याहून कढत पाण्यात जास्त वेळ बसलं तर रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

शिवाय पाणी. शहरांतल्या पाणीपुरवठ्याचं माप माणशी दिवसाला १३५ लिटर धरलेलं असतं, त्यात पिणं, स्वयंपाक, कपडे, संडास सगळं आलं. एक टब म्हणजे एका माणसाचा दिवस. बादलीची आंघोळ वीस लिटरमध्ये होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना मी वेगळं काय सांगणार? दिवसाआड पाणी येणाऱ्या किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत टब बसवू नये, एवढं मी स्पष्ट म्हणेन. इतर ठिकाणी आठवड्यातून एकदा भरावा आणि वापरलेलं पाणी फरशी, गॅलरी, संडास यांना उपसावं. टबाची भरगच्च आकडेवारी बघून घाबरूही नका. २०० लिटरच्या टबात तुम्ही बसलात की साठ-सत्तर लिटरची जागा तुम्हीच अडवता. आर्किमिडीजला टबात शिरताना सांडलेलं पाणी बघून सुचलं म्हणतात ते हेच. तेवढं पाणी भरायचंच नसतं.

टब कशाचा घ्यावा, यावर दुकानदार तासभर बोलतात. मला पाच मिनिटं पुरतील. घरासाठी अ‍ॅक्रिलिक. पत्रा तापवून साच्यात ओढतात आणि मागून फायबरग्लासचे थर देतात. हलका, हाताला ऊबदार, बारीक ओरखडा पॉलिशने जातो. दर्जा ओळखायचा तर बुडावर टाचेने दाब द्या. लचकला, करकरला, तर मागचा थर पातळ आहे. मग सांडपाण्याच्या भोकाच्या कापलेल्या कडेशी जाडी बघा, तिथे लपवाछपवी होत नाही. नुसत्या फायबरचे स्वस्त टब काही वर्षांत पिवळे पडतात. बिडाचा, वरून एनॅमल दिलेला टब म्हणजे पिढ्यांचं काम, पण दीडशे किलो ओझं आणि सुरुवातीला तो पाण्याचीच ऊब खातो. आकडा मोठा नाही, दीड-दोन अंशांचा, पण थंडीत जाणवतो. एकदा तापला की मग लवकर निवत नाही. तरीही टबातली ऊब मुख्यतः जाते ती पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून, वाफ होऊन. त्यामुळे महागड्या मटेरियलपेक्षा बंद खिडकी आणि टबावर टाकलेलं झाकण जास्त काम करतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर गडद रंग टाळा, पांढरे डाग रोज दिसतील. आणि ते डाग काढायला मोरीसाठी आणलेलं अ‍ॅसिड ओतलंत तर चकाकी कायमची गेली.

वजनाबद्दल लोक एकतर भितात किंवा विचारच करत नाहीत. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे घरातल्या खोल्यांची आणि बाथरूमची स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो चालता-फिरता भार धरून आखतात. पाच फुटी अ‍ॅक्रिलिक टब, पाणी आणि माणूस मिळून अडीचशे किलो, पसरलेले सव्वा चौरस मीटरभर. म्हणजे आकडा त्याच्या जवळपास, आणि बाकीचं बाथरूम रिकामंच असतं. नव्या आरसीसी इमारतीत एवढ्याने काही होत नाही. पण फ्लॅटच्या बाथरूमची स्लॅब खाली खचवलेली असते आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो, हे ओझं आधीचंच. त्यावर दीड-दोनशे किलोचा दगडी किंवा बिडाचा टब, त्यात अडीचशे लिटर पाणी आणि भोवती विटांचा कट्टा असं सगळं येणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका. जुन्या लाकडी तुळयांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर टब नकोच.

बसवण्याच्या कामात गवंडी आणि प्लंबर या दोघांच्या सवयी तुमच्या विरुद्ध असतात. गवंड्याला टबाभोवती वीट लावून, टाइल मारून सगळं गुळगुळीत बंद करायला आवडतं. दिसतं छान. दोन वर्षांनी खालच्या घरातल्या काकू छताला ओल आल्याचं सांगायला वर येतात, तेव्हा टबाखालचा एक रबरी वायसर बदलायला अख्खा कट्टा फोडावा लागतो. सांडपाण्याच्या बाजूला उघडता येणारी फूटभराची एक झडप ठेवाच ठेवा. टबाच्या बुडाखाली सिमेंटचा ओला थर घालून त्यावर टब दाबून बसवायचा असतो, चार पायांवर अधांतरी ठेवायचा नसतो. नाहीतर बुड लचकून सांधे सुटतात. त्याआधी वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये पाणी तुंबवून दोन दिवस तसंच ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघून या. टब आणि भिंतीच्या फटीत सिलिकॉन भरताना टब पाण्याने भरलेला असावा. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं तर पुढे पाण्याच्या वजनाने टब केसभर खाली बसतो आणि तो सांधा फाटतो. हे फार थोडे प्लंबर आपणहून करतात.

प्लंबर जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, पार दिल्लीपर्यंत. आपल्या न्हाणीशी नातं सांगणारा शब्द इंग्रजी पत्रकांत जाऊन बसला आहे. टब बसवला तरी टबाबाहेर एक नहाणी ट्रॅप ठेवा. आपण बाहेर पाणी सांडणारच. नळ डोक्यामागे नको, बाजूला आणि टबाबाहेरून हात पोचेल असा हवा.

आत-बाहेर करण्याचा विचार तरुणपणी कोणी करत नाही. खुर्चीइतका, म्हणजे सतरा-अठरा इंच उंचीचा काठ सोपा. त्यावर आधी बसायचं, मग एकेक पाय आत. बाथरूमच्या मधोमध मोकळे उभे राहणारे जे टब फोटोत देखणे दिसतात, त्यांचा काठ तेवीस-चोवीस इंच, पातळ, आणि धरायला आसपास काही नाही. ते मला साफ नापसंत आहेत. भिंतीलगतचा टब, हाताशी भिंतीत पक्की रोवलेली दांडी. टॉवेलची दांडी धरून उठायचा प्रयत्न केला तर दांडी हातात आणि माणूस जमिनीवर. आईवडिलांसाठी म्हणून टब घेणाऱ्यांना मी विनवतो, घेऊ नका. भिंतीला घडीची बैठक आणि हातात धरायचा शॉवर त्यांना दहापट सुख देईल. दार असलेले टबही मिळतात, पण त्यात माणूस आत बसून पाणी चढायची वाट बघतो आणि शेवटी पाणी उतरेपर्यंत ओलेता कुडकुडत बसतो. लहान मूल घरात असेल तर टब वापर संपताच रिकामा. वीतभर पाणीही त्याला धोक्याचं.

जकुझी, म्हणजे पाण्याचे फवारे सोडणारा टब, घ्यावी का? हे एका घराण्याचं नाव आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या जकुझी भावंडांचा पंपांचा कारखाना होता. त्यांतल्या कँडिडोने १९४८ मध्ये संधिवाताने त्रासलेल्या आपल्या लहान मुलासाठी टबात सोडायचा पंप तयार केला, आणि १९६८ मध्ये त्याच घरातल्या रॉयने फवारे टबातच बसवले. औषधाची वस्तू चैनीची झाली. त्या नळ्यांमध्ये मागचं पाणी साठून राहतं, जड पाण्याने फवारे बुजतात, मोटर गुणगुणते, आणि पंपाला चांगलं अर्थिंग व ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, लागतोच. तेच पैसे मोठ्या गीझरवर घाला.

मावसभावाने मध्यंतरी वहिनींच्या पायांना टेकू म्हणून टबात लाकडी पाट घातला. पाणी चढलं तसा पाट तरंगत तरंगत त्यांच्या हनुवटीपाशी आला. आता दुसरं बाथरूम नव्याने करायचं चाललंय. या वेळी वहिनी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये घालून गेल्या आणि एका दुपारी आठ टबांत बसून आल्या. आठव्यात म्हणे डोळा लागला.